एकतीस मोजली होती

डनीडिन,
सोमवार, ६ मार्च १९६१

प्रिय एफी,

शुक्रवारी रेल्वेनं अकरा पेट्या आल्या. चहाच्या रिकाम्या पेट्या, कडांना पत्र्याच्या पट्ट्या, एकीचा तळ खचलेला. भाडं दोन पौंड नऊ शिलिंग. स्टेशनपासून दुकानापर्यंत गाडीवाल्यानं सात घेतले, मागत होता आठ. पुस्तकं एकूण सहाशे बारा. डूगलनं सगळ्यांचे मिळून एकशे चाळीस पौंड दिले. आत डोंगराकडे एका मोठ्या मेंढवाड्याचे म्हातारे मालक वारले, आणि त्यांच्या मुलांना त्या खोलीत बिलियर्डचं टेबल मांडायचं होतं, म्हणून हे सगळं आपल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात आलं.

त्यात प्रवचनांचे ग्रंथ दोनशे तीन. ते खपत नाहीत. लिहिताना बरं वाटत नाही, पण खपत नाहीत. मेंढ्यांच्या रोगांवरची चाळीस. जलप्रवासाची सदतीस, त्यातली नऊ फ्रेंच, नकाशे आणि चित्रं असलेली. डूगलनं पैसे मोजले ते या सदतिसांसाठी.

सात वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि सुरुवात रेल्वेच्या भाड्यापासून करते आहे, याचं तुला नवल वाटणार नाही. तुझा पत्ता आपल्या चर्चमंडळीच्या मिशन-अहवालात मिळाला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं : सुवा, फिजी, मुलींची शाळा, भांडार आणि वह्या-पुस्तकं, कु. ई. कॅरुथर्स. अहवाल मी दरवर्षी शेवटपर्यंत वाचते. आमच्या वर्गणीचं काय केलं ते कळायला हवं.

आता कामाचं. डूगलला काचबिंदू झाला आहे. दोन्ही डोळ्यांना. डॉक्टर म्हणतात की आहे तेवढी नजर औषधानं टिकेल, गेलेली परत येणार नाही. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. पायऱ्या मोजून उतरतो. दुकानाचं एरवीचं काम मी बघते. विक्री, पत्रं, पार्सलं, हिशेब. पण पडताळणी मला येत नाही. मी मॅट्रिक झाले तेव्हा आम्हाला फ्रेंच होतं, ते क्रियापदांपुरतं. कोणत्या आवृत्तीत किती चित्रं हवीत, कोणता नकाशा नंतर घुसडलेला, हे तुझ्या वडिलांना कळायचं आणि तुला. डूगल तुझाच भाऊ, त्यालाही कळतं, पण आता दिसत नाही.

शनिवारी त्यानं एका फ्रेंच पुस्तकातली चित्रं मोजली आणि म्हणाला, "चोवीस." मी मोजली तर बावीस. पुन्हा त्यानं मोजली, पुन्हा चोवीस. दोन पानं दोनदा उलटत होता. कॅप्टन स्कोबी नेहमीसारखे हीटरला पाय लावून बसले होते. तुला ते आठवतील. बंदरात जहाजं आत आणायचे आणि निवृत्त झाल्यापासून आपल्याकडे फुकट वाचतात. ते म्हणाले, "मेव्हिस, तुझा नवरा पुस्तकातली चित्रं वाढवतोय. तक्रार कसली करतेस? लोकांकडे कमी होतात."

डूगल हसला नाही. कॅप्टननी मग पुस्तकात डोकं घातलं.

तर तू तीन महिन्यांसाठी येशील का? नऊ फ्रेंच पुस्तकं आणि बाकीची अठ्ठावीस, एवढी पडताळून दिलीस की पुरे. जहाजाचं भाडं मी घरखर्चातून बाजूला काढलेलं आहे. तुझी खोली तशीच आहे, फक्त त्यात आता जॅमच्या बरण्या आहेत, त्या हलवीन.

झालं ते झालं. त्या पोपटाच्या चित्राचा या घरात कोणी उच्चार करत नाही. मी होऊ दिलेला नाही. आम्ही मनात काही ठेवलेलं नाही.

डूगलला हे पत्र माहीत नाही.

तुझी,
मेव्हिस


डनीडिन,
सोमवार, २७ मार्च १९६१

प्रिय एफी,

तुझं नऊ ओळींचं पत्र मिळालं. धुणं वाळत घालून आले आणि लिहायला बसले आहे.

तू लिहितेस, ‘मनात काही ठेवलेलं नाही’ म्हणून माफ करणाऱ्या घरात तू येणार नाहीस. डूगलनं स्वतःच्या हातानं एक ओळ लिहावी, की एफीनं एकतीस मोजली ती एकतीसच होती. मग येशील, आणि भाडं तुझं तू भरशील.

एफी, ती ओळ तो कशी लिहील? क्राइस्टचर्चच्या हॉलिस वकिलांकडे आपण विकलेलं ते पुस्तक पोचलं तेव्हा त्यात तीस चित्रं होती. काकापोचं, हिरव्या पोपटाचं, नव्हतं. मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं तुझ्या अक्षरात होतं, ‘चित्रं ३१, पूर्ण’, खाली तुझी सही आणि तारीख. त्याच महिन्यात तू डॉक्टर मिल्नच्या बायकोला तसंच पोपटाचं सुटं चित्र विकलं होतंस. फाटक्या प्रतीतलं होतं म्हणालीस. फाटकी प्रत तोवर रद्दीत गेलेली. मग डूगलनं काय समजायचं? पुस्तकं फोडून चित्रं विकणाऱ्यांना तुझे वडील दुकानात उभं करत नसत, आणि इथे घरातच.

मी त्याची बाजू घेत नाही. त्याला काय दिसलं ते लिहिते आहे.

तरी मी त्याच्याजवळ विषय काढला. जेवण झाल्यावर, मटणाचं उरलेलं आणि बटाटे होते. म्हटलं, "एफीनं मोजली तेव्हा एकतीस असतील असं तुला कधी वाटतं का?"

तो म्हणाला, "तिनं मोजली एकतीस, वकिलानं मोजली तीस. दोघांपैकी एकाला मोजता येत नाही, किंवा दोघांना येतं. दोघांना येत असेल तर ते जास्त वाईट."

"तिला मोजता येतं ना?"

"एफीला?" तो म्हणाला. "एफीला झोपेतही मोजता येतं. म्हणूनच."

आणि मग म्हणाला, "आज तू का विचारतेस?" मी म्हटलं, अकरा पेट्या पाहून आठवण झाली. तो म्हणाला, "पेट्या मलाही दिसतात, मेव्ह. तेवढं अजून दिसतं." मग तो बशी उचलून मोरीत ठेवायला गेला, आणि बशी काठावर आपटली. टवका उडाला. तुझ्या आईच्या निळ्या संचातली होती, आता पाच राहिल्या.

त्यानं त्या वेळी देशातल्या चार दुकानदारांना तुझ्याबद्दल लिहिलं होतं, ते इथून गेल्यावर तुला ऑकलंडला कळलंच असेल. धंद्याची रीत आहे, आपल्याकडेही तशी पत्रं येतात. तू तिथून दोन ठिकाणी नोकरी मागितलीस आणि मिळाली नाही, हे मला मागाहून कळलं.

तू डोळ्यांबद्दल विचारलंस. दिवसातून चार वेळा थेंब घालते. घालताना तो डोळा मिटतो, लहान मुलासारखा.

तुझी,
मेव्हिस


डनीडिन,
सोमवार, १० एप्रिल १९६१

प्रिय एफी,

आज लांब लिहीत नाही, नासपती उकळायला ठेवल्या आहेत.

तू विचारतेस, ते पुस्तक टपालासाठी बांधलं कोणी होतं, हे डूगलनं कधी विचारलं का. नाही, विचारलं नाही. सात वर्षांपूर्वीच्या जुलैतलं एक पार्सल. आता कसं सांगणार? दोरीचा आणि तपकिरी कागदाचा हिशेब माझ्याकडे आहे, बांधणाऱ्याचा नाही.

दुसरी बातमी. डूगलनं फेब्रुवारीत सिडनीला पाठवलेलं एक पुस्तक परत आलं. ‘नकाशे बारा, पूर्ण’ असं त्यानं लिहिलं होतं, निघाले दहा. पैसे परत केले, टपालखर्च अंगावर पडला. ते पुस्तक मांडीवर घेऊन तो दिवसभर बसला. एकेका नकाशावरून बोटं फिरवत होता, जणू बोटांना तरी दोन जास्त सापडतील. संध्याकाळी म्हणाला, "मेव्ह, मी मनापासून बारा मोजले होते."

"ठाऊक आहे मला."

"मग एफीनंही मनापासून एकतीस मोजली असतील. तेव्हा तिला सर्दी होती, डोळे भरलेले असायचे. मोजायला चुकली असेल पोर." पोर म्हणाला तुला. तू त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. "चित्र आधीपासूनच नसेल त्यात. लिही तिला. म्हणावं, तू चोरलं नाहीस, मोजायला चुकलीस. मी सही करतो. त्या चौघांनाही तसं कळवतो."

एफी, सात वर्षांत तो पहिल्यांदा एवढा बोलला. बोलून झाल्यावर त्याचा चेहरा हलका झाला होता. मी जवळजवळ लगेच कागद घेतला. तू चोर नाहीस असं तो चौघांना लिहिणार, तुझं नाव परत धंद्यात लागेल, तू घरी येशील, तुझी खोली तुला मिळेल. कोणाचंच काही जाणार नाही. एवढ्यावर तू येशील का? नीट विचार कर. तुझ्या ओळीच्या अगदी जवळची ओळ आहे.

काल प्रभुभोजनाचा रविवार होता. मंडळीचे वडील म्हणून नेमलेले टेंपल्टन गुरुवारी हजेरीचं कार्ड देऊन गेले होते, ते मी घड्याळामागे ठेवलं आणि नेलं नाही. मागच्या बाकावर बसले. भाकरीचं ताट पुढे आलं, मी शेजारणीकडे सरकवलं. डूगलला बाजूचं दिसत नाही, पण एवढं बरोबर कळलं. घरी येताना चढावर थांबून म्हणाला, "पोट बरं नव्हतं?"

"नव्हतं."

"तो तुकडा केवढा असतो, मेव्ह? करंगळीच्या नखाएवढा."

टेंपल्टन वडील या आठवड्यात भेटायला येतील. कार्ड परत आलं नाही की ते येतातच. चहाबरोबर द्यायला स्कोन भाजून ठेवावे लागतील.

तुझी,
मेव्हिस


डनीडिन,
बुधवार, २६ एप्रिल १९६१

प्रिय एफी,

तुझं पत्र शनिवारी आलं. एकच वाक्य. ‘चोर म्हणा हवं तर, पण मी मोजायला चुकले असं लिहू नका.’

काल अंझॅक डे होता, युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाचा, दुकान बंद. डूगल कॅप्टन स्कोबींबरोबर पहाटेच्या सभेला गेला होता. मी मागच्या अंगणात धुण्याच्या टाक्यांपाशी बसले होते. काही धुवायचं नव्हतं.

चोवीस हा आकडा डूगलचा, बारा हा डूगलचा. एकतीस हा तुझा आणि तो बरोबर होता. मला ठाऊक आहे, कारण एकतिसावं चित्र माझ्या हातात होतं.

त्या जुलैत डूगल वेलिंग्टनला लिलावाला गेला होता. दुकानाचं छप्पर गळत होतं म्हणून चांगली पुस्तकं तू घरी आणली होतीस, जेवणाच्या टेबलावर. त्याच्या आदल्या आठवड्यात तू मागच्या टाकीत जुने नकाशे धुतलेस. मी दारात उभी राहून पाहिलं. खाली काच, वर थंड पाणी, नकाशा पाण्यात कापडासारखा सोडलास, आणि तासाभरात त्यावरचे तपकिरी डाग गेले. मी विचारलं, "मी धरू का एक कोपरा?" तू म्हणालीस, "नको मेव्हिस, तू भांडी बघ." रागानं नाही. तू कधीच रागानं म्हणत नव्हतीस. पण त्या घरात मी चार वर्षं भांडी बघत होते, आणि भावा-बहिणीची बोलणी चालायची ती पुस्तकांची. मी मीठ पुढे केलं तरी तुम्ही दोघं पानाचा क्रमांक सांगत असायचात.

पोपटाचं चित्र शिवणीतून सुटलं होतं आणि त्याच्या खालच्या कडेला पाण्याचा डाग होता. तू सोमवारी दुपारी दुकानात गेलीस. माझं धुणं झालं होतं, टाकीत कोमट पाणी शिल्लक होतं, ते फुकट घालवणं माझ्या जिवावर येतं. मला वाटलं, तू येण्याआधी डाग काढून ठेवावा. तू बघशील, आणि विचारशील, हे कोणी केलं?

मी काच घेतली, तुझीच. चित्र सोडलं. चिमूटभर धुण्याचा सोडा घातला, टेबलक्लॉथला घालते तसा. तुझे नकाशे नुसते काळ्या शाईचे होते आणि हे हातानं रंगवलेलं होतं, हा फरक असतो हे मला माहीत नव्हतं. आधी हिरवा सुटला. मग पिवळा. मी काढायला गेले तर कागद मधेच फाटला. पोपट गेला, फांदी राहिली.

ते मी चुलीत घातलं. मटणाचा रस्सा होता वर.

एवढ्यावर थांबते तर ते अपघात म्हणून चाललं असतं. पुढचं अपघात नव्हतं. संध्याकाळी तू शिंकत आलीस आणि म्हणालीस, "वकिलांचं पार्सल उद्या सकाळच्या गाडीला द्यायचंय, एकदा शेवटचं मोजून बांधते." आपल्याकडे दोनदा मोजायची रीत आहे, येताना आणि जाताना. ती रीत मोडायला मी लावली. मी म्हटलं, "मी बांधलंसुद्धा. तू जाऊन पड, मोहरीचं पाणी करते पायांना." बांधलेलं नव्हतं. तू वर गेल्यावर बांधलं. पहिली गाठ सुटली, दुसऱ्यांदा बांधली.

तू म्हणालीस, "देव तुझं भलं करो, मेव्हिस." ते मी विसरलेले नाही.

मग तीस निघाली, आणि डूगल हरवलेल्या पोपटावरून तू विकलेल्या पोपटाकडे गेला, आणि तू फक्त म्हणत राहिलीस, मी एकतीस मोजली होती. ‘मेव्हिसनं बांधलं’ असं तू एकदाही म्हणाली नाहीस. तुझ्या डोक्यात आलं नाही, की आलं आणि तू म्हणाली नाहीस, हे मला आजही ठरवता येत नाही. मी रोज वाट पाहत होते, की आज म्हणेल. म्हणाली असतीस तर मी कबूल झाले असते, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं आहे का ते मला माहीत नाही.

तू गेलीस. महिन्याभरानं मी दुकानात तुझ्या खुर्चीवर बसले. खुर्ची उंच होती, मी पायाखाली प्रवचनांचे दोन खंड ठेवले. मला तिथे बरं वाटायचं, एफी. हेही लिहिते. मी त्या कामात चांगली आहे. वर्षाला चार वेळा कार्ड घेऊन जायचे आणि भाकरीही घेत होते. सगळ्यांत वाईट काय केलं असं विचारलंस तर मला ते वाटतं. तुला तसं वाटणार नाही.

टेंपल्टन वडील शुक्रवारी आले होते. दोन स्कोन खाल्ले. म्हणाले, "मिसेस कॅरुथर्स, काही मनावर असेल तर मंडळी त्यासाठीच असते." मी म्हटलं, ज्यांचं आहे त्यांना आधी सांगते, मग मंडळीला. ते म्हणाले, "क्रम बरोबर आहे," आणि तिसरा स्कोन घेतला.

डूगलला अजून सांगितलेलं नाही. आधी गेलं ते तुझं, म्हणून आधी तुला.

मेव्हिस


डनीडिन,
सोमवार, ८ मे १९६१

एफी,

तुझं उत्तर आलेलं नाही. येईलच असं मी धरलेलं नाही. पण पुढे काय झालं ते तुला कळवणं भाग आहे, कारण एक गोष्ट तुला ठरवायची आहे.

गेल्या मंगळवारी सकाळी मी दुकानात कॅप्टन स्कोबींना म्हटलं, "कॅप्टन, आज तुम्ही घरी जा."

"घर इथल्यापेक्षा थंड आहे."

"तरी जा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डूगलकडे, आणि वाचत होते ते पुस्तक काखेत मारून निघाले. दारातून म्हणाले, "हे मी चोरत नाहीये बरं का, उद्या आणून देतो." त्यांना बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं.

मी दाराला कडी घातली आणि डूगलला सांगितलं. तुला लिहिलं त्याच क्रमानं. तो ऐकत होता. झाल्यावर त्यानं विचारलं, "किती वेळ ठेवलंस पाण्यात?"

"वीस मिनिटं असतील."

"गार?"

"कोमट. सोडा घातला होता."

"किती?"

"चिमूटभर."

"रंगवलेल्या चित्राला पाणी लावत नाहीत, मेव्ह."

"आता माहीत आहे."

"एफीला विचारलं असतंस तर तिनं सांगितलं असतं."

"म्हणून तर विचारलं नाही."

त्यानं टेबलावरची दोरीची गुंडाळी सारखी करून ठेवली. मग म्हणाला, "मी चार पत्रं पाठवली. प्रत्येकाची चार पेन्सची तिकिटं. तू लावून दिलीस ती."

मी म्हटलं, हो.

त्यानं टोपी घेतली आणि एकटा घरी गेला. मी दुकान पाचपर्यंत चालवलं. दोन प्रवचनं खपली, एका माणसाला दाराला अडकण म्हणून जाडजूड काहीतरी हवं होतं. घरी गेले तेव्हा तो तुझ्या खोलीत होता. जॅमच्या बरण्या एकेक करून खाली आणून ठेवल्या होत्या, चौदा, पायऱ्या मोजत. एकही फुटली नव्हती. गुरुवारपर्यंत तो माझ्याशी फक्त कामाचं बोलला. थेंब घालायला मात्र मान मागे टाकत होता.

गुरुवारी त्यानं जाड शाईचं पेन आणि बांधायचा तपकिरी कागद मागितला, पांढऱ्यावर त्याला ओळ दिसत नाही. त्यानं जे लिहिलं ते या पत्रासोबत आहे. अक्षरं उताराला लागली आहेत आणि शेवटचा शब्द कागदाबाहेर गेला होता, तो त्यानं खाली पुन्हा लिहिला. तू मागितली होतीस तीच ओळ आहे. मी सांगितली नाही, तुझं ते पत्र मी त्याला वाचून दाखवलं आणि बाजूला झाले. त्या ओळीसाठी ये असं त्याचं म्हणणं नाही, माझंही नाही. ओळ तुझी आहे, तू कुठेही राहा.

चौघा दुकानदारांना पत्रं शुक्रवारी गेली. ती मी टंकलेखन यंत्रावर लिहिली, त्यानं सही केली. दोघं आता या जगात नाहीत, त्यांच्या मुलांच्या नावे पाठवली. पण तोंडी तोंडी ही गोष्ट चौघांच्या पुढे गेली होती, तेव्हा छापून यायला हवं, असं डूगल म्हणाला. नव्यानं आलेल्या पुस्तकांची यादी या महिन्यात छापायला जायची आहे. चारशे प्रती निघतात, इथून लंडनपर्यंत जातात. पहिल्या पुस्तकाच्या आधी, पहिल्या पानावर, चौकटीत एक निवेदन घालायचं.

इथे आमचं दोघांचं जमलं नाही. मी लिहिलेला मजकूर असा :

‘१९५४ साली आमच्याकडून विकल्या गेलेल्या एका जलप्रवासाच्या ग्रंथात एक चित्र कमी निघालं. कु. यूफेमिया कॅरुथर्स यांनी पडताळलेली प्रत पूर्ण होती. चित्र त्यानंतर सौ. मेव्हिस कॅरुथर्स यांच्या हातून नष्ट झालं आणि त्यांनी ते लपवलं. कु. कॅरुथर्स यांच्यावर आलेला आळ खोटा होता.’

डूगल म्हणाला, "तुझं नाव नको. ‘घरातल्या एका माणसाच्या हातून’ एवढं पुरे. तुला त्या खुर्चीवर रोज बसायचंय. लोक दारातून आत येतील आणि तुला बघतील."

मी म्हटलं, "घरात तेव्हा तीन माणसं होती. तू वेलिंग्टनला होतास, ते सगळ्यांना ठाऊक आहे. उरलो दोघी. वाचणारा म्हणेल, आळ खोटा होता म्हणतात, पण मग नाव का झाकलं? नक्की बहिणीला सांभाळून घेतायत."

तो म्हणाला, "लोक एवढा विचार करत नाहीत."

"पुस्तकं मोजून घेणारे करतात."

यावर त्यानं कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "नाव एफीचं गेलं. एफीला विचार."

म्हणून दोन्ही मजकूर टंकलेखन करून सोबत पाठवते आहे. एक क्रमांकाच्या मजकुरात माझं नाव आहे, दोनमध्ये नाही. बाकी शब्द न् शब्द तोच. मला कोणता बरा वाटतो ते विचारू नकोस, कारण मला दुसरा बरा वाटतो. छापून आल्यावर टेंपल्टनबाई मला रस्त्यात काय म्हणतील हे मी रोज भांडी घासताना ऐकते. मी वाद पहिल्यासाठी घातला आणि घालताना मनात दुसरा मागत होते. हे तुला कळलेलं बरं, म्हणजे माझी भीड धरून ठरवणार नाहीस, आणि माझ्यावर रागावूनही नाही.

नऊ फ्रेंच पुस्तकं तशीच बांधून वरच्या फळीवर ठेवली आहेत. ती या यादीत घेत नाही. न मोजलेलं काही आता या दुकानातून जाणार नाही, त्याला वर्ष लागलं तरी.

छापखान्याला शुक्रवार, २६ तारखेच्या दुपारपर्यंत मजकूर द्यायचा आहे. तोवर तुझ्याकडून काहीच आलं नाही तर एक क्रमांकाचा जाईल, एवढं मी डूगलकडून कबूल करून घेतलं आहे. पण तुझ्या गप्प बसण्यावरून ठरावं असं मला वाटत नाही, ते या घरात एकदा झालं आहे. तारेचा खर्च करू नकोस, विमानाचं टपाल वेळेत येतं, टपालाचं उत्तर-कुपन सोबत घातलं आहे, तिथे त्यावर तिकीट मिळेल. मायना नको, सही नको. एक किंवा दोन, एवढा आकडा लिही आणि उलट टपाली कळव.

मेव्हिस